बडवा, डॉक्टर आणि भाऊबंद: खान्देशात मन दुखतं तेव्हा आपण कुठे जातो?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. मी समुपदेशक आहे. शहादा, तळोदा, धडगाव या पट्ट्यात माझं काम चालतं, अधूनमधून धुळ्यालाही असते. बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय, तो इथे मांडते.

आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण आधी कुठेतरी जाऊन आलेला असतो. पावरा-भिल आदिवासींकडे बडवा (दाणे पाहून आजाराचं कारण सांगणारा) किंवा पुजारा, गुजर-पाटलांच्या गावात भगत, कुणी दर्ग्यावर, कुणी आदिवासींच्या देवमोगरा देवीला नवस बोलून. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं, की हा सगळा 'उपचारातला उशीर' आहे. उशीर होतो हे खरंच आहे. पण काम करताना दुसरी गोष्टही दिसली. ज्या घरात माणसं रुग्णाभोवती गोळा होतात, त्याच्यासाठी देवाला काही बोलतात, सणाला त्याला बाजूला ठेवत नाहीत, त्या घरातला रुग्ण गोळ्याही नीट घेतो. आणि ज्या घरानं सगळं सोडून फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवला, पण माणसाला मागच्या खोलीत टाकलं, तिथे चांगल्यातलं चांगलं औषधही लागू पडताना दिसत नाही.

म्हणून माझं मत असं: आपल्या भागातल्या जुन्या रीतींमध्ये मनाला उभारी देणारं बरंच काही आहे आणि ते बहुतेक माणसं जमवण्याच्या भागात आहे. भूत काढण्याच्या भागात नाही. हे दोन भाग वेगळे करता येतात का? तुमच्या घरी, गावात काय केलं जायचं? कशानं बरं वाटलं आणि कशानं वाटोळं झालं? मोकळेपणी लिहा. फक्त कुणाचं नाव-गाव ओळखू येईल असं लिहू नका.

केळीबाग

रावेर तालुका. आमच्याकडे क्रम ठरलेला. आधी मारुती, मग भगत, मग जळगावचा दवाखाना. भगताकडे जाताना शेजारचे चार जण जीपमध्ये बसतात, जळगावला जाताना एकटी बायको. ताई, तुमचं उत्तर बहुतेक त्या जीपमध्येच आहे.

धडगावचा पोर

मी पावरा आहे. माझ्या आजीचा भाऊ बडवा होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाहेरच्या लोकांनी बडव्याबद्दल लिहिलेलं वाचलं की वाटतं, ते कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल लिहितायत.

कुणाला झोप लागत नाही, कामात मन नाही, एकटाच बसतो, असं झालं की घरचे बडव्याला बोलावतात किंवा त्याच्याकडे जातात. तो दाणे पाहतो. पण दाण्यांना हात लावायच्या आधी तासभर नुसता बोलतो. शेत कुणाचं, वाटणी झाली का, पोरीचं देजं (लग्नात मुलीच्या घरी द्यायची रक्कम) राहिलं का, मेलेल्याचं काही करायचं राहिलं का, गुजरातला ऊसतोडीला कोण गेलं आणि मुकादमानं उचल फिटली म्हणून सांगितलं की नाही. त्याला अर्ध्या गावाच्या चार पिढ्या पाठ असतात. मग दाण्यात 'दिसतं', की अमक्या पूर्वजाचं राहिलंय किंवा गावदेवाचा मान चुकलाय. हे तो आजाऱ्याला एकट्याला सांगत नाही, जमलेल्या सगळ्यांना सांगतो. म्हणजे दोष त्या माणसाच्या डोक्यात राहत नाही, सगळ्या घराचं काम होऊन बसतं. घरानं मिळून ते फेडायचं.

मोठा नवस असेल तर इंदल. कळंबाच्या फांद्या आणून रोवायच्या, रात्रभर गायणं चालतं, ढोल वाजतो, गाव जेवतं. खर्च मोठा, म्हणून वर्षं-वर्षं थांबून करतात. भाऊकी आणि गाव हातभार लावतं. ज्याच्यासाठी नवस बोललेला असतो, तो त्या रात्री मधोमध असतो. दोन वर्षं ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, त्याच्यासाठी शे-दोनशे माणूस जागतं. ह्याचं काय होत असेल मनावर, ते डॉक्टरांनी सांगावं.

आजीचा भाऊ जडीबुटीही द्यायचा आणि काही लोकांना सरळ सांगायचा, "हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात ने." असे बडवे आहेत. सगळे तसे नाहीत, हेही लिहून ठेवतो.

विवेकवाट

धडगावच्या दादांनी मनापासून लिहिलंय, पण मी या भागात प्रबोधनाचं काम करतो आणि मला दुसरी बाजू ठणकावून सांगितली पाहिजे.

बडवा कारण सांगतो. ते कारण दर वेळी पूर्वज किंवा गावदेव नसतं. कधी ते कारण एक जिवंत बाई असते. डाकीण. बहुधा विधवा, मूलबाळ नसलेली, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी. लहान पोर तापानं गेलं, बैल मेला, कुणाला वेड लागलं, की बोट तिच्याकडे. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खून. तुम्ही म्हणता सगळं गाव जमतं. तिच्यावरही सगळं गावच जमतं. जमलेल्या माणसांत ताकद असते एवढं खरं, पण ती ताकद कुणाच्या बाजूनं उभी राहील हे कोण ठरवतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं, कुणी करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्किल करणं, साप-विंचू-कुत्रं चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. पूजाअर्चा, नवस, यात्रा, भजन यांना हा कायदा हात लावत नाही. लोकांना हे नीट सांगितलं जात नाही, म्हणून उगाच भीती पसरते.

धडगावचा पोर

विवेकवाट दादा, डाकिणीबद्दल तुमच्या एका शब्दालाही माझा विरोध नाही. आमच्या शेजारच्या पाड्यावर झालंय. ती बाई आजही माहेरच्या गावाला राहते, शेत दुसरेच कसतात. नाव घेणारा बडवाच होता. हे आमच्या समाजानं आतून थांबवायचं आहे आणि शिकलेली पोरं बोलायला लागलीत. पण बाहेरून येऊन "सगळंच बंद करा" म्हटलं की म्हातारे कान बंद करतात. "इंदल राहू द्या, डाकीण नको" असं आपल्याच माणसानं म्हटलं तर ऐकतात. मी ऐकताना पाहिलंय.

एरंडोलची लेक

बडव्याचं मला काही माहीत नाही, मी कानबाईबद्दल लिहिते. हीसुद्धा मनाचीच गोष्ट आहे असं मला पक्कं वाटतं.

बाहेरच्या वाचकांसाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला सजवतात. घर आधीच सारवून-रंगवून तयार. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसागणिक मुठीनं गहू मोजतात. सोबत खीर, गंगाफळाची भाजी. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या, कुणाच्या तरी अंगात वारं येतं. सोमवारी वाजतगाजत नदीवर.

आता मुद्दा. हे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात आणि एका कुळाची कानबाई एकाच घरी बसते. सुरतला, पुण्याला, नाशिकला गेलेले सगळे येतात. आमच्या घरी माझ्या धाकट्या काकांना बरीच वर्षं आजार होता, आवाज ऐकू यायचे. औषध चालू होतं. गहू मोजायला आई परात घेऊन बसली की मोठी काकू एकेक नाव घ्यायची आणि आई मूठ टाकायची. काकांचं नाव आलं की ते दारातून स्वतः ओरडायचे, "माझी मोठी टाक!" वर्षभर त्यांना कुणी विचारत नसे, खोटं कशाला बोलू. पण त्या परातीत त्यांची मूठ कधी चुकली नाही. ते गेले त्या वर्षी नावं घेताना काकू मध्येच थांबली आणि मग सगळ्याच रडल्या. अंत्यविधीला रडल्या नव्हत्या इतक्या.

सालदार

एरंडोलनी ताई, डोयामा पानी आनं. आमना घरमा मोठा भाऊ आनि मी, बांधवरथून भांडण. वरीसभर बोलनं नही. कानबाईनी रातले त्यानी आपसूक हाक मारी, "ऊठ रे, आरतीले ये." राग ठेईसन रोट खाता येत नही अशी आमनी माय सांगे. कोर्टमा जे नही व्हयनं ते रोटनी कयं.

केळीबाग

सालदार भाऊ, पण कोर्टातली तारीख काढून टाकली की नाही? की ती पुढच्या कानबाईपर्यंत चालू? :)

सालदार

काढी टाकी, काढी टाकी. वकील तेवढा नाराज शे.

मनाचा वैद्य

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, खान्देशातच प्रॅक्टिस करतो. धागा वाचून राहवलं नाही. सुट्टं-सुट्टं लिहितो.

'बाहेरचं लागलंय' म्हणून आणलेल्या रुग्णांमध्ये सगळेच मनाचे आजार नसतात. नंदुरबारकडच्या भिल, पावरा, मावची समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आहे. हाडं-सांधे फुटतील अशा वेदना अचानक उठतात, पोर किंचाळतं, दोन-चार दिवसांत उतरतं, पुन्हा येतं. रक्त तपासल्याशिवाय हे कळणार कसं? पूर्वी अशा घरांत एकामागून एक पोरं गेली आणि दोष कुणा बाईवर आला असेल, तर त्यामागे हा रक्ताचा आजार किती ठिकाणी असेल याचा विचार करा. मिरगीचंही तेच. फिट येणाऱ्याला कांदा-चप्पल हुंगवत बसतात. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. फिट बहुतेकांची गोळ्यांनी आटोक्यात राहते.

धडगावच्या मित्रानं विचारलं म्हणून सांगतो. उदासी, काळजी, धक्का, शोक यांत माणसांचं जमणं हा खराखुरा उपचार आहे, यात मला शंका नाही. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य यांत तेवढ्यानं भागत नाही, औषध लागतंच आणि जितकं लवकर तितकं बरं. पण औषध सुरू झाल्यावर माणूस परत उभा राहतो की नाही, हे पुन्हा घर आणि गावावरच येतं.

देवस्थानांशी भांडून काही साधत नाही हे देशात इतर ठिकाणीही कळलंय. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले 28 मनोरुग्ण होरपळून मेले. त्या प्रकारानं सगळा देश हादरला. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर वेगळी वाट काढली: 'दवा आणि दुआ'. मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवक, दुआ करतात आणि आवारातच डॉक्टर बसतो, मुजावरच रुग्णाला त्याच्याकडे पाठवतात. साखळी मात्र कुठेच चालणार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कुणालाही साखळीनं बांधायला बंदी आहे.

माझ्याकडे येणाऱ्याला मी एवढंच सांगतो: नारळ फोडा, दोरा बांधा, यात्रेला जा. मार, उपास, धूर, बांधणं नको. आणि माझी गोळी माझ्याशी बोलल्याशिवाय बंद करायची नाही.

बोदवडचा

+१ डॉक्टरसाहेब. आमच्या आजोबांनी दोरा आणि गोळी दोन्ही सांभाळलं. गोळी चुकली तर दोरा ओरडतो म्हणायचे, म्हणून एकदाही चुकली नाही.

ऑकलंडकर अमळनेरी

मूळ अमळनेर, आता न्यूझीलंडमध्ये. इथे नर्सिंगमध्ये आहे. हा प्रश्न इथेही रोज समोर असतो.

माओरी लोकांचे डॉ. मेसन ड्युरी यांनी 1980 च्या दशकात आरोग्याची एक मांडणी दिली: चार भिंतींचं घर. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक बाजू. एक भिंत कलली की घर कलतं. आज ही मांडणी इथल्या सरकारी आरोग्यसेवेत शिकवली जाते. रुग्णालयात माओरी रुग्णाभोवती सगळं गणगोत जमलं तरी त्यांना हाकलत नाही.

कॅनडातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी 1998 साली तो प्रसिद्ध केला. ब्रिटिश कोलंबियातल्या जवळपास दोनशे आदिवासी वस्त्यांतल्या तरुणांच्या आत्महत्या त्यांनी पाहिल्या. सगळे म्हणायचे, आदिवासी तरुणांत हे प्रमाण भयंकर आहे. पण वस्तीनिहाय पाहिलं तर काही वस्त्यांत प्रमाण प्रचंड, काहींत शून्य. फरक कशात होता? जिथे स्वतःचा कारभार, जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, आरोग्य, पोलीस-अग्निशमनासारख्या सेवा लोकांच्या हातात होत्या आणि सांस्कृतिक कामासाठी जागा होती, तिथे आत्महत्या कमी. ही सहाही लक्षणं असलेल्या वस्त्यांत त्या पाच वर्षांत एकही नाही.

म्हणजे नाचगाणं टिकवलं की झालं असं नव्हे. जमीन, शाळा, कारभार कुणाच्या हातात आहे, हाही मनाच्या आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

वसाहतीतला

ऑकलंडच्या ताईंनी लिहिलेलं वाचून थांबलो. मी नर्मदाकाठचा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणीची. आमचं त्यात. आता आम्ही तळोद्याकडच्या वसाहतीत राहतो.

जमीन मिळाली, कुणाला चांगली, कुणाला खडक. घरं झाली, शाळा झाली. पण आमच्या गावात फळ्यांमध्ये (पाड्यांमध्ये) पांगलेली घरं होती, प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात. इथे ओळीनं प्लॉट. गावदेव, वाघदेव, पूर्वजांच्या जागा पाण्याखाली गेल्या. म्हातारी माणसं पहिल्या काही वर्षांत भराभर गेली. कशानं गेली असं डॉक्टरला विचाराल तर कागदावर काहीतरी असेल. आम्ही म्हणतो, बसायला जागा राहिली नाही म्हणून गेली.

पूर्वी लाह होती. एकाचं घर बांधायचं, शेत निंदायचं, सगळा फळा जायचा, मजुरी नाही, जेवण त्याच्या घरी. इथे मजुरी लागली. पैसे आले तसे लाह गेली आणि लाह गेली तसं संध्याकाळी एकमेकांकडे जाणं गेलं. तरुण पोरं दारूला लागली. कुणी म्हणेल आदिवासी आधीपासून पितात. मोहाची आमच्या देवाला लागते, सणाला, पंचात, लग्नात. एकटं बसून रोज पिणं आमच्यात नव्हतं.

होळीला मात्र सगळे परत जातात. काठीची राजवाडी होळी, रात्रभर ढोल, पहाटे पेटते. ऊसतोडीचे मजूर बारडोलीकडून मुकादमाशी भांडून येतात, उचल राहिली तरी येतात. त्या दिवसांत आमच्या वसाहतीत एकही माणूस उदास दिसत नाही. नंतर महिनाभर परत तेच.

तापीकाठची

वसाहतीतले दादा, "बसायला जागा राहिली नाही" हे मी कामाच्या बैठकीत जसंच्या तसं सांगणार आहे. तुमची परवानगी असेल तरच.

वसाहतीतला

सांगा ताई. फक्त अहवालात घालून ठेवू नका.

शहाद्याची मावशी

दारूचा विषय निघाला म्हणून थोडं विषयांतर. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज. 1930 च्या दशकात त्यांनी आप धर्म सांगितला. दारू सोडा, आंघोळ करा, आरतीला जमा, एकमेकांना 'आप' म्हणा. हजारो भिल-पावरा जमायचे. ज्यांना सावकार अरे-तुरे करायचा, ते एकमेकांना आप म्हणू लागले. महाराज 1938 मध्ये गेले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ते चालवलं. आजही आरती होते.

नंतर 1970 च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराजांची आदिवासी चळवळ, श्रमिक संघटना. त्यात बायकांनी गावोगाव दारूचे गुत्ते फोडले, मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्या बायांना कुणी समुपदेशन केलं नव्हतं. एकीनं उठून दुसरीच्या दारात जायचं, एवढंच होतं त्यात. आमच्या आईकडून ऐकलंय, त्या वर्षांत बायका किती हसायच्या.

अमळनेरची माहेरवाशीण

आखाजीबद्दल, म्हणजे अक्षय्य तृतीयेबद्दल, कुणीच कसं लिहिलं नाही? दिवाळीपेक्षा मोठा सण आपला. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके, गौराई, पंधरा दिवस गाणी. सासूला, नणंदेला, नवऱ्याला, सगळ्यांना गाण्यातून ऐकवायचं. आखाजीलाच घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, त्यावर डांगर ठेवतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर घास देतात. एकाच दिवशी मेलेल्यांची आठवण आणि झोक्यावरची गाणी. माझी आई वारली त्या वर्षी मी सकाळी घागर भरताना रडले आणि दुपारी मैत्रिणींनी ओढून झोक्यावर बसवलं. दोन्ही मनापासून झालं.

जळगावची ज्योती

माहेरवाशीण ताई, राग मानू नका. सासुरवासाची गाणी गाऊन मन हलकं व्हायचं, पण मग त्या पोरी परत त्याच घरी जायच्या ना? गाणं ऐकून माहेरच्या माणसांनी तिला ठेवून घेतली, असं किती वेळा झालं? माझी मावशी फार सुंदर गौराई म्हणायची. सगळं गाव ऐकायचं, सगळ्यांना कळायचं तिच्याबद्दल. आखाजी संपली की वडील तिला बसमध्ये बसवून यायचे. सोसायला बळ देणारी रीत आणि दुःख संपवणारी रीत, यात फरक करायला हवा. मला शहाद्याच्या त्या बायका जास्त जवळच्या वाटतात.

अमळनेरची माहेरवाशीण

तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही. फक्त एवढं सांगते, आमच्या गल्लीत आता बायकांचा बचतगट आहे आणि त्याची सुरुवात झोक्याखाली बसणाऱ्या बायकांनीच केली. एकीच्या नवऱ्यानं हात उचलला तेव्हा गटातल्या दहाजणी पोलीस पाटलाकडे गेल्या. एकमेकींचं त्यांना आधीपासून सगळं माहीत होतं, ते गाण्यांतूनच.

कपाशी

आणि माणसांनी काय करायचं? बायकांना झोका आहे, कानबाई आहे. मी पारोळा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. कापसात सलग दोनदा मार खाल्ला. घरात कुणाशी बोललो नाही. पारावर बसलं तर भाव, पाऊस, राजकारण. कुणी विचारत नाही की बाबा, झोप लागते का. कुणी वारलं की दारवर जातो, तिथे दहा मिनिटं मान खाली घालून बसतो, उठून येतो. मेलेल्याच्या घरी जाण्याची रीत आहे, जिवंतपणी जाण्याची नाही.

सालदार

कपाशी भाऊ, कोठे ऱ्हास तू? मी पारोयाले दर आठवडे बजारले येस. चहा पिऊत.

मनाचा वैद्य

कपाशी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. अजून झोप लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर 14416 वर फोन करा. टेलिमानस, ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. आणि सालदार भाऊंचा चहाही टाळू नका, मी हे डॉक्टर म्हणूनच सांगतोय.

तुमच्या प्रश्नाला जवळचं एक काम सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला. गावात ज्याच्याशी लोक आधीच मनातलं बोलतात, अशी माणसं हेरली, त्यांना ऐकायला आणि गरज पडली तर पुढे पाठवायला शिकवलं. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून आज्यांना तयार केलंय, त्या दवाखान्याबाहेर बाकावर बसतात आणि लोकांचं ऐकतात. पदवी लागत नाही, पण शिकवण आणि मागे एक डॉक्टर मात्र लागतो.

कपाशी

मरणाचे नाही येत आता. मागच्या उन्हाळ्यात यायचे. नंबर ठेवला. सालदार भाऊ, रविवारी बाजारात भेटू.

विवेकवाट

आत्मीयतासारखं आपल्याकडे करायचं झालं तर माझी एक अट. त्या निवडलेल्या माणसांत गावाबाहेर काढलेली एक तरी बाई असावी. गाव जमतं तेव्हा काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला कळणार?

धडगावचा पोर

मान्य. आणि बडवेही असावेत. दोघांना एका चटईवर बसवायचं. अवघड जाईल, पण करू.

अस्तंब्याच्या पायथ्याशी

नवीन सभासद. लिहायला जमत नाही नीट. माझा लहान भाऊ बायपोलरच्या गोळ्या घेतो, लिथियम. दोन वर्षं बरा आहे. या होळीला त्याला बुध्या (नवस फेडायला होळीत नाचणारा) बनायचं आहे, आईनं तो आजारी असताना नवस बोलला होता. त्यासाठी पालन, म्हणजे व्रताचे नियम, करावं लागतं. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, स्वतःच्या हातानं रांधून खायचं, पाच दिवस कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी बांधून गावोगाव नाचायचं, रात्री झोप नाही. घरचे म्हणतात पालनात गोळी चालत नाही. तो म्हणतो मग मी गोळी सोडतो, नवस मोडणार नाही. तापीकाठची ताई, तुमचा प्रश्न आमच्या घरात हा असा आहे. काय करू?

तापीकाठची

दादा, बरं झालं विचारलंत. डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगा. आणि धडगावच्या दादा, पालनात औषधाचं नेमकं काय, ते पुजाऱ्याला विचाराल का?

मनाचा वैद्य

गोळी सोडायची नाही. लिथियम एकाएकी बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा. दुसरी गोष्ट, उन्हात नाचून घाम जातो, पाणी कमी पडलं किंवा मीठ बंद केलं तर रक्तात लिथियम वाढतं. हात थरथरणं, उलटी, जुलाब, तोल जाणं असं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना. पाणी भरपूर, जेवणात नेहमीइतकं मीठ, दारू नको, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. जागरण हाच बायपोलरमध्ये सगळ्यात मोठा धोका. पाचही रात्री जागला तर मला भीती वाटते. दुपारी तरी झोपलाच पाहिजे आणि रात्रीही काही तास पडायला मिळाले पाहिजेत. होळीच्या आधी महिनाभर त्याच्या डॉक्टरला दाखवून रक्तातली लिथियमची पातळी तपासून घ्या आणि हे सगळं त्यांच्या कानावर घाला. ते जे ठरवतील ते माझ्या लिहिण्याच्या वर.

धडगावचा पोर

आजच पुजाऱ्याकडे जाऊन आलो. म्हणाले, पालन खाटेचं, बाईचं, परक्या हातच्या अन्नाचं. गोळी अन्न नाही, ती चालते. त्यानं स्वतःच्या हातानं घ्यावी, एवढंच. झोपेचंही विचारलं. म्हणाले, पाच दिवस नाचलंच पाहिजे असं नाही, नवस एका होळीचा असला तर काठीची एक रात्र पुरते, बाकीचे दिवस त्यानं राखेवर पडून राहावं, त्याच्या वाटचं दुसरा भाऊ नाचेल.

अस्तंब्याच्या पायथ्याशी

दुसरा भाऊ मीच. नाचतो. दादा, हेच पुजाऱ्यानं आईला सांगितलं तर ती ऐकेल. बाजाराच्या दिवशी त्यांना आमच्या पाड्यावर घेऊन याल का? डॉक्टरांनी लिहिलेलं मी छापून आणतो, तेही वाचून दाखवू.

धडगावचा पोर

येतो. पुजारी पायी येणार नाहीत, गुडघे गेलेत. मोटारसायकलवर घेऊन येतो.